पाना आणि वही

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीस साहेबांनी मला या मेळाव्यात बोलण्यास सांगितले तेव्हा मी प्रथम संकोचलो. अशा व्यासपीठावर डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांनी बोलायचे असते, असा माझा समज. मी रेल्वेच्या वर्कशॉपात उमेदवार म्हणून शिरलो आणि त्याच दरवाजातून निवृत्त होऊन बाहेर पडलो. आठवड्याचे सहा दिवस मी रेल्वेचा असे. रविवारी मात्र मोटारीचा. आजही माझ्या दारात १९८० सालची पद्मिनी चालू स्थितीत उभी आहे, आणि घरच्यांच्या मते तिच्यावर माझा जितका वेळ गेला तितका मुलांवरही गेला नाही. मी चिटणीस साहेबांना विचारले, "मी बोलू तरी कशावर?" ते म्हणाले, "आपल्या वस्तीतल्या कितीतरी पोरांना मोटारीचे वेड आहे. त्यांच्याविषयी बोला. त्यांचे आईबापही ऐकायला येणार आहेत."

तेव्हा आज मी या वेडाविषयी बोलणार आहे. पालकहो, हे वेड तुम्ही ओळखता. मुलगा शाळेतून घरी यायच्या ऐवजी गॅरेजच्या दारात उभा राहतो. रस्त्यावरून गाडी गेली की न पाहता आवाजावरून तिचे नाव सांगतो. घरातला मिक्सर उघडून ठेवतो आणि एक स्क्रू उरतो. यावर आपल्याकडे दोन प्रकारचे वडील आढळतात. एक म्हणतात, "ते काळे हात बंद कर, अभ्यासाला बस." दुसरे म्हणतात, "अभ्यासात लक्ष नाहीच, तर शाळा सोड आणि गॅरेजमध्ये जा, चार पैसे तरी येतील." एकाने पाना काढून घेतला, दुसऱ्याने वही काढून घेतली. माझे म्हणणे एवढेच आहे की मुलाला दोन्ही हवे असते. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. मोटारीच्या इतिहासातल्या तीन मोठ्या माणसांच्या आयुष्यात ते लिहिलेले आहे. विशेष म्हणजे तिघेही रेल्वेच्या कारखान्यात घडले होते.

पहिला मुलगा हेन्री रॉइस. जन्म १८६३, इंग्लंड. नऊ वर्षांचा असताना वडील वारले. घरी गरिबी, मुलगा वर्तमानपत्रे विकू लागला, तारा पोचवू लागला. शाळा जेमतेम झाली. एका मावशीने वर्षाला २० पौंड देण्याचे कबूल केले, म्हणून १८७८ च्या सुमारास तो पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. ज्या घरी राहत होता तिथल्या मालकाचे बागेत छोटेसे वर्कशॉप होते. दिवसभर रेल्वेत काम, आणि संध्याकाळी त्या वर्कशॉपात लेथ आणि कानस. तीन वर्षांनी मावशीचे पैसे संपले. उमेदवारी अर्धवट राहिली, म्हणून हातात प्रमाणपत्र नाही. कामासाठी वणवण करावी लागली. अखेर लीड्स शहरात आठवड्याला ११ शिलिंगवर काम मिळाले. पुढे लंडनला गेला, तिथे विजेचे काम करता करता संध्याकाळच्या वर्गांना बसू लागला. १८८४ साली मँचेस्टरला भागीदारीत छोटा कारखाना काढला. तिथे विजेच्या घंटा, मग डायनॅमो, मग क्रेन तयार होऊ लागल्या.

आता मोटारीकडे येऊ. रॉइसने एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली, देकोव्हिल कंपनीची. ही कंपनी मुळात लहान रुळांच्या रेल्वेचे सामान बनवणारी. मोटार त्याच्या मनास येईना. चांगली चालावी म्हणून त्याने ती उघडली, एकेक भाग पाहिला, प्रत्येक भागात सुधारणा कुठे होईल ते ठरवले, आणि १९०४ साली स्वतःच्या तीन गाड्या तयार केल्या. त्याच वर्षी मे महिन्यात मँचेस्टरच्या एका हॉटेलात त्याची चार्ल्स रोल्स यांच्याशी भेट झाली. पुढचे सर्वांना माहीत आहे. रोल्स-रॉइस हे नाव ज्याने मोटार पाहिलीही नाही त्यालाही ठाऊक असते. हा गृहस्थ पुढे 'सर' झाला, तरी स्वतःला मेकॅनिकच म्हणवून घेई. काम लहान असले तरी नीट केले तर ते थोर ठरते, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्याने घरात शेकोटीवर कोरवून घेतले होते.

दुसरा मुलगा वॉल्टर बेंटली. याच्या घरची स्थिती चांगली होती. १९०५ साली, सोळा वर्षांचा असताना, घरच्यांनी ७५ पौंड भरून त्याला डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात पाच वर्षांच्या उमेदवारीवर पाठवले. खात्यापित्या घरचा मुलगा, पण कारखान्यात त्याला सूट नव्हती. शेवटी शेवटी तो एक्स्प्रेस गाड्यांवर फायरमन म्हणून गेला. लंडन ते लीड्स आणि परत, अशा एका दिवसात सुमारे ७ टन कोळसा फावड्याने भट्टीत टाकावा लागे. रेल्वे सोडल्यावर लंडनच्या एका टॅक्सी कंपनीत अडीचशे टॅक्सी चालू ठेवण्याच्या कामावर तो होता. १९१२ मध्ये भावाबरोबर फ्रेंच मोटारींची एजन्सी घेतली. एके दिवशी त्या फ्रेंच कारखान्यात टेबलावर कागद दाबून ठेवायला एक छोटा ॲल्युमिनियमचा पिस्टन ठेवलेला त्याने पाहिला. आपण असतो तर "छान आहे" म्हणून खाली ठेवला असता. त्याने विचार केला : पिस्टन हलका झाला तर इंजिन जास्त वेगाने फिरेल, पण नुसते ॲल्युमिनियम टिकेल का? त्यात थोडे तांबे मिसळले तर? धातू कसे ओततात, कुठे तडकतात, हे रेल्वेच्या कारखान्यात तो शिकला होता. ते पिस्टन यशस्वी झाले. १९१९ साली त्याने स्वतःची कंपनी काढली, आणि फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत बेंटली गाड्यांनी १९२४ मध्ये आणि नंतर १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे जिंकली. धंद्यात मात्र पैशाची बाजू कच्ची राहिली. १९३१ साली कंपनी विकली गेली, आणि ती घेतली कोणी, तर रोल्स-रॉइसने. हिशेबाची वही हीदेखील वहीच असते, हे या गोष्टीतून शिकण्यासारखे आहे.

तिसरा मुलगा वॉल्टर क्रायस्लर. अमेरिकेतला, जन्म १८७५. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. मुलाला वर्कशॉपात उमेदवार व्हायचे होते, वडिलांनी परवानगी नाकारली. त्यांना वाटे, मुलाने पुढे शिकावे. मुलगा हट्टी. त्याने त्याच वर्कशॉपात झाडूवाल्याची नोकरी धरली, तासाला १० सेंट. काही महिन्यांनी वडिलांचा विरोध मावळला आणि तो उमेदवार झाला. उमेदवाराचा पगार किती? तासाला ५ सेंट. विद्यार्थी मित्रांनो, इकडे लक्ष द्या. झाडू मारण्याचे जे मिळत होते त्याच्या निम्मे पैसे त्याने शिकण्यासाठी पत्करले. स्वतःची हत्यारे स्वतः घडवली. आणि वडिलांचे म्हणणेही त्याने वाया जाऊ दिले नाही. नोकरी करता करता पोस्टाने अभ्यासक्रम मागवून यंत्रशास्त्राचे धडे पुरे केले.

१९०८ साली तो एका रेल्वे कंपनीत इंजिन विभागाचा प्रमुख होता. शिकागोच्या मोटार प्रदर्शनात एक लोकोमोबाइल गाडी पाहून त्याला झोप येईना. किंमत ५,००० डॉलर. जवळ शिल्लक ७००. बाकीचे ४,३०० कर्जाने उभे केले. पालकहो, घाबरू नका, मी कर्ज काढायला सांगत नाही. पुढे काय झाले ते ऐका. गाडी रेल्वेनेच घरी आली, कोठारात गेली, आणि महिन्यांमागून महिने रस्त्यावर आलीच नाही. क्रायस्लर ती उघडत होता, पुन्हा जुळवत होता, पुन्हा उघडत होता. ती त्याने फिरण्यासाठी घेतली नव्हती, शिकण्यासाठी घेतली होती. चार वर्षांच्या आत तो ब्यूइक मोटार कंपनीत गेला, तेही रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातला जास्त पगार सोडून. १९२५ साली त्याच्या स्वतःच्या नावाची कंपनी निघाली. न्यूयॉर्कमध्ये १९३० साली त्याच्या नावाची उत्तुंग इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्या वरच्या मजल्यावर लोकांना पाहण्यासाठी एक वस्तू ठेवली होती : उमेदवारीच्या काळातली त्याची हत्यारांची पेटी.

तुम्ही म्हणाल, ही साहेब लोकांची उदाहरणे झाली, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या कुर्ल्यापर्यंत येतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे प्रथम रेल्वेचे ठेकेदार. त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली आणि भोर घाटातल्या बोगद्यांपर्यंत मजल मारली. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली, आणि पहिला करार केला तो या क्रायस्लर कंपनीशी. १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे ह्याच कारखान्याने फियाट बनवली, तिचीच पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्यावर संसार चालवले. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली.

त्या कुर्ल्यातच माझ्या मामूंचे गॅरेज होते. आता मी माझ्या घरचे सांगतो.

माझे अब्बा रेल्वेत फिटर. मामू गॅरेजवाले. शाळा सुटली की मी मामूंकडे. मामूंना सगळा परिसर उस्ताद म्हणे. बॉनेटवर तळहात ठेवून ते सांगत, "तिसऱ्या नंबरचा प्लग मार खातोय." उघडून पाहावे तर तिसराच. टॅपेटचा आवाज ऐकून ते सेटिंग करत, पट्टी लावून मोजण्याची त्यांना गरज नसे. पण मामूंना वाचता येत नव्हते. अकराव्या वर्षी त्यांच्या वडिलांनी त्यांना शाळेतून काढून एका उस्तादाच्या हाताखाली दिले होते.

मी नववीत असताना मामूंनी मला एका पद्मिनीचे हेड बसवायला सांगितले. मी खुशीत. एका टोकापासून सुरुवात केली आणि एकेक नट पूर्ण ताकदीने आवळत दुसऱ्या टोकाला गेलो. दोन दिवसांनी गाडी परत आली. डिपस्टिक काढून पाहिली तर ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा. पाणी ऑइलमध्ये उतरले होते. मामू रागावले नाहीत. त्यांनी हेड पुन्हा उतरवले आणि मला दाखवले : मधल्या नटापासून सुरुवात, मग आळीपाळीने बाहेर, आणि एकदम नाही, तीन फेऱ्यांत. मी विचारले, "मामू, असे का?" ते म्हणाले, "माझ्या उस्तादांनी असेच शिकवले. का ते त्यांनाही ठाऊक नव्हते."

त्या 'का'चे उत्तर मला दोन वर्षांनी रेल्वेच्या प्रशिक्षण वर्गात मिळाले. इन्स्ट्रक्टरनी फळ्यावर आकृती काढली. पातळ गॅस्केटवर जड हेड दाबले जाते तेव्हा दाब मधून बाहेर पसरत गेला पाहिजे; टोकापासून आवळले तर मध्ये फुगवटा अडकतो, हेड पीळ खाते, आणि पाण्याला वाट मिळते. पाच मिनिटांचा धडा. त्या दिवशी मला कळले की 'कसे' हे हाताने शिकता येते, पण 'का' समजले नाही तर नवी गाडी समोर आल्यावर हात थांबतो.

रेल्वेने मला आणखी एक गोष्ट शिकवली. गॅरेजमध्ये एक शब्द फार चालतो : "चालेल." थोडे झिजले आहे, चालेल. रेल्वेत चाकाला गेज लावतात. गेज बसले तर चाक पास, नाही बसले तर नापास. तिथे फोरमन साहेबांचे 'चालेल' चालत नाही. आणि काम झाले की रजिस्टरात लिहून खाली सही करायची. हजार माणसे त्या चाकावर बसून जाणार आहेत, आणि काही झाले तर ती सही सापडणार आहे. माप, नोंद आणि सही, या तीन सवयी ज्या मोटार मेकॅनिकला लागल्या त्याचे गिऱ्हाईक कधी तुटत नाही.

मामूंचे पुढे काय झाले? २००० सालानंतर धुराचे नियम कडक झाले. कार्बोरेटर गेला, त्या जागी कॉम्प्युटरवर चालणारे इंजेक्शन आले. बॉनेटवर हात ठेवून आता काही कळेना. मशीन जोडायचे, पडद्यावर इंग्रजीत नंबर येतो, तो पुस्तकात पाहायचा. मामूंनी एकदा मला रविवारी बोलावले. एक नवी गाडी उभी होती. म्हणाले, "तू वाच, मी करतो." मी वाचत गेलो, आणि त्यांनी अर्ध्या तासात ती चालू केली. हात तेच होते, अक्कल तीच होती. पण मी रविवारचा माणूस. सोमवारी वाचणार कोण? हळूहळू गाड्या कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरकडे वळल्या. मामू दुपारी गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून रस्ता पाहत. एकदा मला म्हणाले, "अकरा वर्षांच्या पोराला कोणी विचारले नव्हते रे." पालकहो, मामूंच्या वडिलांनी ते वाईट हेतूने केले नव्हते. घरात खाणारी तोंडे जास्त होती. पण कुर्ल्यातला सर्वांत हुशार हात पन्नाशीनंतर रिकामा बसला, तो एवढ्या एका कारणाने.

आता पुढे काय येते आहे ते पाहा. मोटारी विजेच्या होत आहेत. तरुणांना हे नवे वाटते, रेल्वेवाल्यांना नाही. मुंबई व्हीटी ते कुर्ला ही आपल्या देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, त्याला शंभर वर्षे होऊन गेली. घाट उतरताना मोटरनेच गाडी आवरायची आणि निघालेली वीज परत तारेत सोडायची, ही युक्ती रेल्वेला केव्हापासून ठाऊक आहे. आजची विजेची मोटार ब्रेक लावताना तेच करते, फक्त तारेच्या जागी बॅटरी असते. म्हणजे मोटार आणि रेल्वे हे दोन धंदे पुन्हा एका बाकावर येऊन बसले आहेत. पण एक धोका सांगून ठेवतो. अशा गाडीत तीनशे-चारशे व्होल्टची, काहींत त्याहून जास्त दाबाची बॅटरी असते. "उघडून तर बघू" म्हणून हात घालणारा मुलगा पद्मिनीत फार तर बोट भाजून घेई. इथे जीव गमावेल. यापुढे अशिक्षित हाताला केवळ कमी पैसे मिळतील असे नाही, तो हात सुरक्षितही राहणार नाही.

म्हणून पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, दहावीच्या आत मुलाला गॅरेजमध्ये कायमचे घालू नका. रविवारी, सुट्टीत जरूर पाठवा. उस्तादाच्या हाताखाली जे मिळते ते कोणत्याही वर्गात मिळत नाही. दुसरी, दहावीनंतर आयटीआयचा विचार करा. मोटार मेकॅनिक, फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आहे. रेल्वेच्या वर्कशॉपात उमेदवार घेताना सामान्यतः दहावीचे गुण आणि आयटीआयचे प्रमाणपत्र मागतात. रॉइससारख्या माणसालाही कागद नसल्यामुळे वणवण करावी लागली, मग आपल्या मुलाने का करावी? तिसरी, मुलीला हे वेड असेल तर तिच्या हातातला पाना काढून घेऊ नका. मुंबईच्या लोकल गाड्या चालवणाऱ्या मुमताज काझी यांना २०१७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. त्यांचे वडील रेल्वेतच होते, आणि मुलीने इंजिन चालवावे हे त्यांनाही प्रथम पटले नव्हते. क्रायस्लरच्या वडिलांप्रमाणे त्यांचाही विरोध पुढे मावळला.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच काम देतो. एक वही घ्या. जी वस्तू उघडाल, तिची तारीख घाला, उघडण्यापूर्वी आकृती काढा, कोणता भाग कुठून निघाला त्याला नंबर द्या. चूक झाली तर तीही लिहा, आणि शेजारी लिहा : का? उत्तर गुरुजींना विचारा, बाईंना विचारा, गणिताच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकात शोधा. ते पुस्तक तुमच्या गाडीचेच पुस्तक आहे हे तुम्हाला मग कळेल.

अशी एक वही माझ्याकडेही आहे. पहिल्या पानावर त्या पद्मिनीच्या हेडची आकृती आहे, नटांना क्रमाने आकडे घातलेले, आणि कोपऱ्यात ऑइलचा एक डाग. आकडे मी घातले. बोट ठेवून जागा मामूंनी दाखवली, आणि तो डाग त्यांच्या बोटाचा आहे. ती वही मी आज बरोबर आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी यावे.